मोनाच्या गोष्टीचा आडोसा

मित्रांनो, मी एक जुना आडोसा आहे. सागाच्या पट्ट्यांची चौकट, तिच्यात ठोकलेल्या प्लायवूडच्या तीन फळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या गंजक्या बिजागऱ्या, एवढंच माझं शरीर. मला उघडून उभं केलं, की जमिनीवर मांडी घालून बसलेला माणूस माझ्यामागे पुरता झाकला जातो. ज्याचं काम नुसतं झाकायचं, त्याच्याजवळ सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण सध्या मी फार चिडलेला आहे. सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझा जन्म आंधळगावचा. गावात पूर्वी नाट्य मंडळ होतं. दिवाळी झाली, मंडईची जत्रा भरली, की दिवसा दंडारीचं लोकनाट्य आणि रात्री नाटक, असा थाट असे. नट म्हणजे गावातलेच शेतकरी, दुकानदार आणि एक कंपाउंडर. दिवसभर धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, राबून आलेल्या माणसाला राजाची लांबलचक भाषणं पाठ कशी राहणार? म्हणून मंडळात प्रॉम्प्टर होता. त्याचं नाव टिकाराम. तो रंगमंचाच्या पुढच्या कडेला, लोकांकडे पाठ करून, हातात नाटकाचं पुस्तक आणि बॅटरी घेऊन बसायचा आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच सांगायचा. त्याची पाठ आणि बॅटरीचा उजेड लोकांना दिसू नये, म्हणून मंडळाने सुताराकडून मला करून घेतलं. लोकांकडची बाजू काळ्या रंगाने रंगवली.

ते माझे मानाचे दिवस होते. पडदा उघडण्याआधी मलाही कुंकवाचं बोट लागायचं. टिकारामजवळ पुस्तक असल्यामुळे कोण मरणार, कोण वाचणार, कोणाचं लग्न कोणाशी होणार, हे सगळं मला आधीच ठाऊक असायचं. एखादा नट पुस्तकाबाहेरचा एक शब्द जरी बोलला, तरी टिकाराम दात चावून खरं वाक्य पुन्हा सांगायचा. नट सुधारेपर्यंत सांगत राहायचा. मला ते फार आवडायचं. जगात असंच असावं, असं मला वाटायचं.

पुढे मंडळातले लोक पांगले. मंडईला बाहेरच्या मोठ्या नाटक कंपन्या येऊ लागल्या. त्यांचा मंच मोठा, दिवे मोठे आणि प्रॉम्प्टरही त्यांचाच. टिकारामने मला घडी करून घरी आणलं आणि धानाची पोती ठेवायच्या खोलीत भिंतीला टेकवलं. तिथे माझ्या अंगावर धूळ बसली. उंदरांनी माझ्या एका फळीचा कोपरा कुरतडला. त्या वर्षांत मला कोणी हात लावला नाही, म्हणून त्यांच्याबद्दल सांगण्यासारखंही काही नाही.

मग एका उन्हाळ्यात मोना शिक्षण संपवून गावी आली आणि नोकरीला लागली. ती टिकारामच्या धाकट्या भावाची मुलगी. त्याला ती मोठेबाबा म्हणते आणि त्याच्या बायकोला, शकुबाईला, मोठी आई. मोना नागपूरला शिकली. तिथल्या वसतिगृहात मुली एक खेळ खेळायच्या, तो ती शिकून आली होती. मित्रांनो, तो खेळ तुम्हाला नीट सांगतो, कारण माझं पुढचं सगळं दुःख त्या खेळातून आलं आहे.

त्यात एक जण गोष्ट रचतो. राज्य कुठलं, जंगल कुठलं, राक्षस कुठे राहतो, हे तो ठरवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. गोष्ट रचणारा सांगतो, तुम्ही अमुक ठिकाणी आला आहात, समोर हे आहे, आता काय करता? ते सांगतात, आम्ही हे करतो. ते जमतं की फसतं, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. एकच गोष्ट अशी महिनोन्‌महिने चालते. गोष्ट रचणारा आपल्या समोर आडोसा ठेवतो, म्हणजे त्याने काय काय योजून ठेवलं आहे, ते बाकीच्यांना दिसत नाही.

नागपूरला मोना नुसती खेळायची. गोष्ट रचायची तिची फार इच्छा होती, पण चारचौघांत बोलताना तिचे कान लाल व्हायचे. पोत्यांच्या खोलीत तिला मी दिसलो आणि ती म्हणाली, "मोठेबाबा, हा मले पायजे. याच्या मांगं बसली तं मी कोणालेच दिसत नाई."

मला ओल्या फडक्याने पुसलं गेलं, बिजागऱ्यांना तेल मिळालं. मी किती सुखावलो, काय सांगू!

दर रविवारी दुपारी टिकारामच्या घरी खेळ बसू लागला. खेळणारे तिघं होते. बसस्टँडवर मोबाईल दुरुस्तीची टपरी चालवणारा भुपेंद्र गोष्टीत चोर झाला. मोहाडीच्या एका खासगी शाळेत शिकवणारी अंजू जादूगारीण झाली. आणि राइस मिलमध्ये काम करणारा हेमराज योद्धा झाला. हेमराज हप्ताभर पोती उचलून इतका थकलेला असायचा, की बऱ्याचदा त्याचा योद्धा बसल्या बसल्या झोपी जायचा.

मोनाने पहिली गोष्ट रचायला खूप मेहनत घेतली. काचेचा उंच मनोरा, त्यात मायावी राक्षसाने कोंडलेली राजकन्या, मनोऱ्याकडे जाणारा डोंगराचा रस्ता, रस्त्यात विषारी वेली. सगळं सुरेख होतं. माझ्या आतल्या बाजूला तिने त्या डोंगराचा नकाशा चिकटवला होता.

"तुमी एका गावात आले," मोना माझ्यामागून म्हणाली. "राजाचा दूत रडत रडत सांगते, राजकन्येले राक्षसानं उचलून नेलं."

"मोठ्यानं बोल," अंजू ओरडली. "कूलरच्या आवाजात काई आयकू येऊन नाई राहिलं."

मोनाने पुन्हा सांगितलं. तिकडून भुपेंद्र म्हणाला, "या गावाजवळ नदी आहे का?"

"आहे," मोना म्हणाली. तिने नदीचा विचारच केला नव्हता.

"मंग आमी एक नाव घेतो. माल वाहाचा धंदा करतो."

"नाव कायले? मनोरा डोंगरावर आहे!"

"राजकन्येले तिचा बाप सोडवन न," भुपेंद्र म्हणाला. "त्याच्यापाशी फौज आहे. आमी कायले?"

ती सगळी दुपार तिघांनी नावेचा सौदा करण्यात घालवली. माझ्यावर चिकटवलेला डोंगर तसाच राहिला. मोना आपला खालचा ओठ चावत होती आणि मी मनात म्हणत होतो, अरे, डोंगराकडे जा! पण मी लाकूड. मला कोण विचारतो?

पुढच्या वेळी मोनाने भविष्यवाणी रचली. जुन्या शिळेवर लिहून ठेवलं होतं, की एक चोर, एक जादूगारीण आणि एक योद्धा येऊन काळ्या अजगराला मारतील. आता तरी "आमी कायले" असं कोणी विचारणार नाही, अशी तिला खात्री होती. अंजूने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिवलंच आहे तं मंग होईनच. आपण घाई कायले कराची?" हेमराज तेवढ्यात झोपलाच.

नंतर आली विहिरीची गोष्ट. मेलेल्या राजाचं भूत, एक रहस्य, आणि त्या रहस्याची किल्ली जुन्या विहिरीत. तिघांनी राजवाड्याचा कोपरा न्‌ कोपरा शोधला. स्वयंपाकघरातले हंडे पालथे केले. घोड्यांची चौकशी केली. पण विहिरीत कोणी वाकून पाहीना. मित्रांनो, मी सगळं आयुष्य अडलेल्याला पुढचं सांगणाऱ्या माणसाच्या पाठीशी काढलेलं आहे. मला किती त्रास झाला असेल, याचा विचार करा. माझ्या बिजागऱ्या आतल्या आत कुरकुरत होत्या. विहिरीत बघा! विहिरीत बघा रे! मोनाचीही तीच गत. ती मुठी आवळून बसली होती. दुपार संपली, भूत तसंच राहिलं, आणि तिघंही जांभया देत घरी गेले.

भुपेंद्र जाता जाता म्हणाला, "मोना, मले पुण्याच्या कंपनीत काम लागलं. दसऱ्यानंतर चाललो. तवापर्यंत एखांदी तं झकास गोष्ट होऊ दे."

हे ऐकून मोना फार बेचैन झाली. लहानपणापासून चौघं एकत्र वाढलेली. आधी शिक्षणाने आणि मग कामाने त्यांची तोंडं चार दिशांना झाली होती आणि या खेळाच्या निमित्ताने ती पुन्हा एका चटईवर बसत होती. खेळ मोडला, तर भुपेंद्र पुण्याला जाण्याच्या आधीच सगळे तुटणार होते.

ती रोज कामावरून आली, की माझ्यामागे येऊन बसायची. कागदावर काहीतरी लिहायची, खोडायची, चुरगाळायची. शापित मुकुट. खोडला. बोलणारं जंगल. खोडलं. गायब झालेलं बेट. तेही खोडलं. मोबाईलवर ती इतरांनी सुचवलेल्या कल्पना वाचायची आणि म्हणायची, "हे वाचाले चांगलं वाटते, पन आपल्या लोकाइपुढं गेलं का मरते." मला तिच्या डोळ्यांत पाणी दिसायचं. ते फक्त मलाच दिसायचं.

टिकारामने एकदा तिला असं बसलेलं पाहिलं.

"काहून रडून राहिली वं?"

मोनाने सगळं सांगितलं. टिकाराम पोटभर हसला. "अवं, नाटकात असा गोंधळ कधी झाला का? नाई झाला. काहून? त पुस्तक होतं म्हणून! तू याइले मोकळं सोडते, म्हणून हे नदीवर जाते. पुस्तक लिव. कोण काय बोलन, कुठं जाईन, सारं लिव. मी सांगतो तुले."

मला वाटलं, वा! आता शहाणपणाचं बोलला कोणीतरी. दोघांनी बसून तीन अंकांची गोष्ट लिहिली. पहिल्या अंकात तिघं राणीच्या दरबारात जातात. दुसऱ्यात चोर पकडला जातो. तिसऱ्यात जादूगारीण आणि योद्धा त्याला फाशीच्या खांबावरून सोडवतात. भाषणं तर अशी, की टाळ्या पडल्याच पाहिजेत. आणि फासे आपल्या मनासारखे पडणार नाहीत, या भीतीने मोनाने जाहीर केलं, की आता सगळ्यांचे फासे मीच आडोशामागे टाकीन.

त्या रविवारी बाहेर पाऊस होता. मोना भाषणं वाचत गेली. तिघं ऐकत गेले. पहिला अंक संपेपर्यंत मला वाटत होतं, आपले जुने दिवस परत आले. दुसऱ्या अंकात राणीचे शिपाई चोराच्या अंगावर धावले.

"मी खिडकीतून उडी मारतो," भुपेंद्र म्हणाला. "टाक फासा."

फासा माझ्या पायाशी घरंगळला. मी पाहिलं, अठरा पडले होते. मोनानेही पाहिलं.

"तीन," ती म्हणाली. "तू पकडला गेला."

"दरबारात मी बोललो तं तू म्हटलं राणीनं आयकलं नाई. दाराकडं पळालो तं दार बंद. आता खिडकीतून उडी मारली तं तीन." भुपेंद्र उठून उभा राहिला आणि त्याने माझ्या वरून आत डोकावलं.

"मोना, हे अठरा आहे."

मोनाने घाईने फाशावर हात ठेवला.

"अठरा पडले आन्‌ तू तीन सांगून राहिली?"

"तू पकडल्या जाणं जरुरी आहे," मोना कशीबशी म्हणाली. "नाई तं तिसरा अंकच होत नाई."

"मंग आमी कायले बसलो इथं?" अंजूचा आवाज चढला. "तूच वाच, तूच टाक, तूच सांग. रेकॉर्ड करून पाठोत जाय, आमी घरी आयकतो."

हेमराज त्या दिवशी जागा होता. तो रागावला नाही. चप्पल पायात घालताना तो इतकंच म्हणाला, "हप्त्यातून एकच दिवस सुट्टी भेटते मले, मोना." मला वाटतं, तिला तेच सगळ्यांत जास्त लागलं.

तिघं पावसातच निघून गेले. मोना माझ्यामागे बसून राहिली. मी तिला झाकत होतो, पण झाकायचं कोणापासून? समोर चटई रिकामी होती.

मित्रांनो, मला तेव्हा सगळ्यांचाच राग आला होता. भुपेंद्रचा आला, कारण त्याने डोकावलं. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्यावरून कोणी डोकावलं नव्हतं. मोनाचा आला, कारण ती खोटं बोलली, आणि तेही माझ्या आड. आणि टिकारामचाही आला. पुस्तक चांगलंच होतं. तरी गोष्ट अशी का फसली, ते मला कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. मोना मात्र सवयीने चटई टाकून माझ्यामागे बसली होती. टिकाराम ओसरीवरून उठून आत आला. थोडा वेळ दारात घुटमळला आणि मग खेळणाऱ्यांच्या बाजूला, चटईवर बसला.

"माह्या सल्ल्यानं तुहा खेळ मोडला," तो म्हणाला. "सांग मले, काय करा लागते यात?"

"राहू द्या न, मोठेबाबा."

"सांग म्हणतो न."

मोनाने सुस्कारा सोडला. "तुमी एक वाटसरू आहा. चालत चालत एका शहराच्या वेशीपाशी आले. वेशीचं दार बंद आहे. म्होरं एक पहारेकरी उभा आहे. काय करता?"

टिकाराम हाताच्या आधाराने पुढे वाकला. मग माझ्या कडेवरून त्याचं डोकं आत आलं. "म्होरचं वाक्य कोणाचं आहे?"

"तुमचं."

"मंग सांग न कोणतं आहे ते."

"मले नाई मालूम. तुमी सांगा."

"असं कसं? लिवलं असनच कुठं तं!"

मोनाने दोन्ही हात रिकामे करून दाखवले. तिच्याजवळ त्या दिवशी कागदाचा कपटाही नव्हता. टिकाराम पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. तो डोकं खाजवू लागला, घसा खाकरू लागला. आयुष्यभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवली त्याने, पण स्वतःचं एक वाक्य त्याला सापडेना. "हा कायचा खेळ आहे!" तो चिडून म्हणाला. "माणूस उघडा पडते यात."

"तुमी परक्या गावाले गेले आन्‌ वेशीपाशी माणूस भेटला, तं काय बोलता?" मोनाने विचारलं.

"काय बोलन? ज्येवला का बापा, म्हणन."

"मंग म्हणा न."

टिकारामने नीट मांडी घातली आणि समोर खरंच कोणी उभं असल्यासारखा म्हणाला, "काहून बापा, ज्येवला का?"

मोना उत्तर द्यायला गेली आणि थांबली. "नाई," ती हळूच म्हणाली. "नाई ज्येवला."

"काहून?"

"त्याची... त्याची पाळी संपली. पन त्याले सोडाले दुसरा पहारेकरी आलाच नाई."

"काहून नाई आला?"

"कारण आतल्या लोकाइले..." मोनाने तोंडावर हात ठेवला. तिचे डोळे मोठे झाले होते. "आतल्या लोकाइले आपल्या शहराले वेस आहे, हेच आठवत नाई."

"अरे बापा!" टिकाराम पुढे सरकला. "मंग हा सोडून काहून नाई जात?"

"त्यानं वचन देल्लं आहे. दुसरा आल्याबिगर जागा सोडाची नाई."

"आन्‌ भाइरून कोणी आलं तं?"

"ते मले बी नाई मालूम," मोना म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी हसली ती! टिकारामने मग दाराला कान लावून आतलं ऐकायचं ठरवलं. फासा त्याने स्वतः टाकला. दोन पडले. मोनाने ते दोनच ठेवले आणि सांगितलं, की दाराचा खिळा तुमच्या कानाला बोचला, रक्त निघालं, आणि ते पाहून पहारेकऱ्याने आपलं उपरणं फाडून पट्टी बांधून दिली. टिकारामने नकळत कानाला हात लावला. दोघं संध्याकाळपर्यंत त्या बंद दाराशीच बसून होते.

तेव्हा मला थोडं थोडं कळलं. मोना आतापर्यंत उत्तरं रचत होती. मनोरा, अजगर, विहीर, सगळी उत्तरंच. समोरच्याने विचारावं आणि मग आपण शोधावं, एवढी जागाच तिने कधी मोकळी ठेवली नव्हती. पण कळलं म्हणून मी खूश झालो असेन, असं समजू नका. मला अपमान वाटला. लपवायला काही उरलंच नसेल, तर माझं काम काय?

मोनाने लगेच फोन लावला. "भुपेंद्र, मी चुकली. मान्य आहे मले. अंजूले आन्‌ हेमराजले घेऊन एकदा ये. पुस्तक नाई, मनोरा नाई. फासा तूच टाक, आकडा तूच पाह्य."

रविवारी तिघं आले, पण तोंडं अजून पडलेलीच होती. मोनाने त्यांच्यासमोर माझी घडी केली आणि मला भिंतीला टेकवलं. तिचे कान लाल झाले. पण ती उघड्यावर बसली, सगळ्यांना दिसेल अशी. आणि मला, मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदाच खेळणाऱ्यांचे चेहरे समोरून दिसले. माझी काळी बाजूच नेहमी त्यांच्याकडे असायची.

मोनाने त्यांना त्याच वेशीपाशी आणलं. भुपेंद्र कुलूप तपासू लागला. अंजूने पहारेकऱ्याला इथे का उभा आहेस, म्हणून विचारलं. मोनाने सांगितलं, पाळी संपली, पण सोडायला कोणी आलं नाही.

हेमराज एकदम ताठ बसला. "पाळी संपली तरी सोडलं नाई?"

"नाई."

"आन्‌ हा उभाच आहे? उपाशी?" हेमराजचा चेहरा लाल झाला. तो राइस मिलमध्ये काय सोसतो, ते त्याने कधी सांगितलं नव्हतं आणि त्या दिवशीही सांगितलं नाही. तो म्हणाला, "त्याले म्हणा, भाला माह्या हाती दे. मी उभा राहतो वेशीवर. तू घरी जाय, ज्येव, झोप."

"अरे, तू इथं राहिला तं आमी आत दोघंच जाऊ का?" अंजू ओरडली.

"जा न. मी नाई हालत इथून."

मोना त्याच्याकडे बघतच राहिली. असं काही होईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. पहारेकरी रडला, हेमराजच्या पाया पडला आणि घराकडे निघाला. भुपेंद्र आणि अंजू त्याच्या मागे आत शिरले. पण पहारेकऱ्याच्या घरात त्याच्या बायकोनेही त्याला ओळखलं नाही. अंजूने खरोखरच पदर तोंडाशी नेला. कोणी जांभई दिली नाही. शकुबाईने दोनदा चहासाठी हाक मारली, कोणाला ऐकूच आली नाही.

आणि मग मोना हेमराजकडे वळली. "तू वेशीवर एकटा आहे. ऊन उतरलं. दूर रस्त्यावर धूळ उठली. कोणीतरी येऊन राहिलं."

"कोण?"

"टाक फासा. दिसते का पाहू."

हेमराजने फासा टाकला. सगळे वाकले, आणि त्यांच्या पाठींमुळे मला आकडा दिसला नाही. एकच आरडाओरडा झाला. तेवढ्यात भुपेंद्रच्या टपरीवरून निकडीचा फोन आला आणि खेळ तिथेच थांबला. "पुढच्या रविवारी," सगळे एकदम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शकुबाई खोलीत आली. "मोना, हे लाकडाचं कायले ठेवलं आता? माह्या कोंबड्याइले आड कराले देते का? मांजर फार येऊन राहिलं."

"घेऊन जा, मोठी आई," मोना म्हणाली. "आता नाई लागत."

नाई लागत! एवढंच.

तेव्हापासून मी घरामागच्या वाडीत, कोंबड्यांच्या खुराड्यापुढे उभा आहे. माझी काळी बाजू पावसाने सोलली. खालच्या पट्टीला वाळवी लागू लागली आहे. पण माझं खरं दुःख ते नाही. माझं दुःख असं, की रविवार आला की घरातून आवाज येतात. कधी एकदम शांतता होते, मग किंचाळणं, मग हसणं. मी कान लावतो. टिकारामसुद्धा आता खेळतो. दिसेल त्याला जेवलास का म्हणून विचारतो आणि सगळी गोष्ट भलतीकडे नेतो, आणि मोना त्याच्यावर ओरडते. पण नेमकं महत्त्वाचं वाक्य आलं, की या कोंबड्या कलकलाट करतात. मला एक शब्द ऐकू देत नाहीत. ज्याला सगळी नाटकं आधीच ठाऊक असायची, तो मी आता एका वाक्यासाठी तडफडतो.

दसरा झाल्यावर भुपेंद्र निरोप घ्यायला आला. हात धुवायला तो वाडीत आला, तेव्हा मोना त्याच्या मागे होती.

"आता तुह्या चोराचं काय करू?" तिने विचारलं. "मारून टाकू का?"

"मारते कायले?" भुपेंद्र म्हणाला. "त्या शहरात मले कोठडीत टाक. कोणालेच आठवत नाई असा कैदी. दिवाळीले येतो तवा सोडव." ओले हात झटकत तो पुढे म्हणाला, "पन मोना, तिकडं वेशीवर म्होरं काय झालं, ते मले फोन करून सांगजो. हेमराजले एकटं सोडून आलो आपण."

मोनाने मान हलवली. तिने तेव्हा काहीतरी सांगितलंही. एका कोंबडीने त्याच वेळी अंडं घातलं आणि सगळं गाव डोक्यावर घेतलं.

मित्रांनो, तुम्हीही कधी गोष्ट रचाल. मित्रांसाठी रचाल, धाकट्या भावंडांसाठी रचाल. सगळंच आधी ठरवून टाकू नका. समोरच्याच्या तोंडचं वाक्य त्याचं त्याला सापडू द्या, त्याला वेळ लागला तरी थांबा, आणि पडलेला आकडा आहे तसा सांगा. हे मी माझ्या फळ्यांवर झेललं आहे.

आणि कधी आंधळगावला आलात, तर माझं एक काम करा. मला रंग नको, कुंकू नको. फक्त रविवारी दुपारी मला या खुराड्यापुढून उचला आणि त्या खोलीच्या भिंतीशी नेऊन ठेवा. घडी करूनच ठेवा, मी कोणाच्या आड येणार नाही. मला एवढंच पाहिजे, की त्या वेशीवर धुळीतून कोण आलं, ते कोणीतरी मला सांगावं.